मानेतली फट

सगळी गल्ली तिला तोफ म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "तोफ तर तोफ, फुसका बार तर नाही ना," असं म्हणून ती समोरच्याकडे अशी बघायची, की फुसका बार कोण ते त्याला न सांगता कळावं. वय साठीच्या पुढं, केस कानापर्यंत कापलेले, नखांच्या कडांना कायमचा निळा रंग. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून खोदून विचारलंच तर म्हणायची, "एका घरात किती तोफा ठेवणार? बाबा आहेत की."

घर टाइल रंगवणाऱ्यांचं होतं. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या, मागच्या अंगाला भट्टी. पांढऱ्या टाइलवर निळा पक्षी, लांब मान वळवून मागं बघणारा, ही त्या घराची ओळख. तो आधी आजोबांनी काढला, मग बाबांनी, मग तोफेनं. धाकट्या भावाच्या हातात ब्रश काही बसला नाही, म्हणून त्यानं गिऱ्हाईकं आणि भट्टी सांभाळली आणि मालक झाला. कारागीर त्याला मालक म्हणायचे. तोफ मात्र, त्याला नातवंडं झाली तरी, चारचौघांत बाळ म्हणूनच हाक मारायची.

एका सकाळी बाळ चहाच्या वेळी कागद फडकावत आला. गावातल्या संग्रहालयात टाइलकलेच्या इतिहासाचं नवं दालन होणार होतं आणि त्यातली एक भिंत ह्या घराला मिळाली होती. इतिहास लिहिणारी एक बाई महिनाभर कारखान्यात येऊन, प्रश्न विचारून, फोटो काढून गेली होती. तिनं भिंतीवर लावायचा मजकूर तपासायला पाठवला होता. बाळानं घसा साफ करून तो मोठ्यानं वाचला.

"'या घराण्याच्या पक्ष्याच्या मानेची रेषा मध्ये किंचित तुटलेली असते. पक्ष्याला श्वास घेता यावा म्हणून ही फट ठेवण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.' वा! काय लिहिलंय बाईंनी!"

तोफेनं कप बशीत असा आपटला की चहा टेबलभर झाला.

"श्वास? मातीचा पक्षी श्वास घेतो होय? आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हणे! कुठल्या रे पिढ्यान्‌पिढ्या? भट्टीच्या दारात बाबांचा अंगठा चेंगरला तेव्हा मी शाळेत होते आणि तू चड्डीत मुतत होतास. त्या दिवसापासूनची ही तुझी परंपरा!"

"हळू बोल ताई. वर बाबा आहेत."

"असू देत. अंगठा त्यांचाच आहे."

ही फट काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. भाजलेल्या टाइलवर पांढरा लेप देतात. तो वाळला की पिठासारखा होतो, आणि त्याच कच्च्या लेपावर रंगवायचं असतं. ब्रश टेकला रे टेकला की लेप रंग पिऊन टाकतो. पुसायची सोय नाही, गिरवायची तर मुळीच नाही. गिरवलं की भट्टीतून डाग घेऊनच टाइल बाहेर येते. म्हणून पक्ष्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत मानेची रेषा एका दमात यावी लागते. मान जिथं वळते तिथं ब्रश अंगठ्यानं फिरवायचा असतो. सगळी करामत त्या अंगठ्याची.

बाबांचा तो अंगठा गेला. म्हणजे हाताला राहिला, पण कामातून गेला. बऱ्याच दिवसांनी ते पुन्हा ब्रश घेऊन बसले तेव्हा रेषा वळणापर्यंत छान यायची, तिथं ब्रश उचलला जायचा आणि पुढं पुन्हा टेकायचा. मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी जागा राहायची. पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हे काय?" बाबा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "श्वासाची जागा आहे." गिऱ्हाईक खूश झालं. माणसांना असलं काहीतरी ऐकायला आवडतंच.

इथवर तोफेची काही तक्रार नव्हती. माणसाचा हात गेला, पोट भरायचंय, त्यानं काहीतरी सांगून वेळ निभावली, तर त्यात कसलं पाप? पण बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सगळ्या कारागिरांना फट ठेवायला लावली. नक्षी उतरवायचे टोचलेले जुने कागद जाळून टाकले आणि मानेत फट असलेले नवे कागद टोचून घेतले. कारखान्याच्या भिंतींवर आजोबांनी स्वतः रंगवलेल्या टाइल होत्या. ओल आली म्हणून त्या छिन्नीनं काढून टाकल्या. आणि एक दिवस तोफेच्या पाटावरचा पक्षी पाहून त्यांनी ब्रशच्या दांड्यानं तिच्या बोटांवर फटका मारला. मान तिला आजोबांनी शिकवली होती, आणि तिनं ती अखंड काढली होती.

"फट ठेव," बाबा म्हणाले.

"का?"

"ठेव म्हटलं ना."

तेव्हापासून ती फट ठेवत आली. धडधाकट अंगठा असलेली बाई, रेषा आपण होऊन पुढं जायला बघतेय, आणि दर पक्ष्याला हिनं ब्रश मुद्दाम उचलायचा. चांगल्या पायाच्या माणसाला जन्मभर लंगडायला लावावं तसला हा प्रकार. तोफ गल्लीतल्या सगळ्यांशी भांडली, रंगवाल्याशी भांडली, नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी भांडली. पण ह्या एका गोष्टीवर गप्प राहिली, कारण बाबांचा हात गेला होता आणि तिला त्यांची दया यायची.

आजोबांची एक टाइल मात्र वाचली होती. मोरीत, नळाच्या मागं. कारागीर रोज तिच्यासमोर ब्रश धुवायचे. अखंड मानेचा पक्षी त्यांच्या नाकासमोर होता आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. एकदा एका नव्या पोरीनं विचारलं, "ह्याला फट कशी नाही?" तर बाळ म्हणाला, "खराब निघाली ती, म्हणून तर मोरीत लावलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. घ्या! अख्ख्या कारखान्यात एकच टाइल बरोबर, आणि तीच खराब माल.

तर संग्रहालयाच्या भिंतीसाठी नऊ पक्षी हवे होते, तीन ओळींत तीन तीन. घरातला सगळ्यांत चांगला हात तोफेचा, हे बाळही मान्य करायचा, त्यामुळं काम तिच्याकडंच आलं. तिनं टाइल मागच्या खोलीत नेल्या, दार लावून घेतलं आणि टोचलेला कागद बाजूला भिरकावला. ती अखंड मान काढणार होती. कुणाला विचारणार नव्हती.

पहिल्या टाइलवर वळणाशी हात आपोआप उचलला गेला. ती स्वतःलाच शिव्या देत उठली, लेप खरवडला आणि पुन्हा दिला. दुसऱ्यांदाही तेच. मग ती मोरीत गेली, आजोबांच्या टाइलसमोर उभी राहिली आणि ओलं बोट त्या मानेवरून वरून खाली, वरून खाली फिरवत राहिली. परत आली, बसली, श्वास धरला. रेषा डोक्यापासून निघाली, वळली आणि पाठीवर जाऊन थांबली. मध्ये कुठंही तुटली नाही. तोफेला रडू आलं, आणि ह्या वयात रडू आलं म्हणून आणखी राग आला. मग दोन दिवसांत तिनं नऊच्या नऊ पक्षी काढले.

बाळ बघायला आला तो दारातच थबकला.

"हे काय केलंस तू?"

"पक्षी काढले. का, म्हशी दिसतायत?"

"फट कुठाय?"

"तुझ्या डोक्यात आहे. तिथंच राहू दे."

बाळ ह्यावेळी हसला नाही. "चेष्टा करू नकोस ताई. आपल्या पक्ष्याची नक्कल करणारे बाजारात ढिगानं आहेत. लोक फट बघतात आणि आपला माल ओळखतात. उद्या संग्रहालयात बिनफटीचा लागला तर मी त्यांना काय सांगू? इतके दिवस कारागिरांना उगाच ब्रश उचलायला लावला म्हणून सांगू?"

"उगाचच लावला! सांग की!"

"मी सांगणार नाही आणि हे पक्षी भट्टीत घालणारही नाही. भट्टी माझ्या हातात आहे."

हा खरा घाव होता. न भाजलेल्या टाइलवरचा रंग म्हणजे नुसती भुकटी. बोट फिरवलं की पक्षी गेला. भट्टी नाही तर तोफेचे नऊही पक्षी जन्मलेच नाहीत असं झालं असतं.

"बाबांना विचार," बाळ जरा नमून म्हणाला. "ते हो म्हणाले तर आत्ता भट्टी लावतो."

बाबा वर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पंच्याऐंशी उलटली होती, पण कान शाबूत आणि नजर घारीची. उजवा हात नेहमीप्रमाणं स्वेटरच्या खिशात. तो हात त्यांनी कित्येक वर्षांत कुणासमोर बाहेर काढला नव्हता, जेवणसुद्धा डाव्यानं.

"बाबा, संग्रहालयाच्या पक्ष्यांच्या माना मी अखंड काढल्यात."

"फट ठेवायची असते."

"तुमचा अंगठा गेला म्हणून तुम्ही ठेवलीत. बरोबर केलंत. पण माझा अंगठा होता ना जागेवर? मला का ठेवायला लावलीत?"

बाबांनी डाव्या हातानं कप उचलून ओठांना लावला. मग म्हणाले, "चहा गार झाला."

"चहाचं काय घेऊन बसलात! मी काय विचारतेय?"

"परंपरा आहे ती."

"तुम्हीच सुरू केलीत ना?"

"मग? मी सुरू केली म्हणूनच ह्या घरात चालणार." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, म्हणजे भेट संपली.

तोफ जिना उतरली तेव्हा खालच्या फळ्यांवरचे रंगाचे डबे हादरले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दया आली म्हणून जिच्यावर जन्मभर गप्प बसले, ती गोष्ट ह्यांना एका प्रश्नाच्या उत्तराइतकीही मोलाची नाही! बाळ काही विचारणार तेवढ्यात तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भट्टीकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ब्रश आणायला बाजारात गेली. परत आली तर मागच्या खोलीचं दार उघडं. आत तिच्या टेबलाशी बाबा बसलेले. जे वर्षानुवर्षं जिना उतरले नव्हते, ते बाळाच्या खांद्यावर हात टाकून उतरले होते. डाव्या हातात कडेचा लेप खरवडायचं पातं. खिशातला हात आज बाहेर होता. त्याच्या मनगटानं त्यांनी टाइल दाबून धरली होती. मानेच्या वळणाशी पातं टेकवायचं, तांदळाएवढं खरवडायचं, फुंकर मारून भुकटी उडवायची. आठ पक्षी झाले होते. काम सुबक होतं, हे तोफेलाही दिसलं. नववी टाइल त्यांनी नुकतीच पुढं ओढली होती.

"ह्या आता आपल्या घरच्या झाल्या," बाबा म्हणाले.

तोफेनं झडप घालून नववी टाइल उचलली. कच्ची टाइल छातीशी धरता येत नाही, रंग पुसतो. म्हणून तिनं ती कडांना धरून हात लांब करून धरली.

"दे इकडे."

"हात तर लावून बघा!" तोफ ओरडली. "हात तर लावून बघा कुणीतरी!"

बाळ भिंतीला टेकला. तिनं त्या आठ टाइलकडे पाहिलं. एकेक उचलून जमिनीवर आपटावी असं फार वाटलं. पण पिसं तिची होती, डोळे तिचे होते, आणि तिच्यानं ते होईना. ती नववी टाइल घेऊन तडक भट्टीशी गेली, स्वतःच्या हातानं फळीवर ठेवली आणि तिथंच ठाण मांडून बसली. तिला हटकायची बाळाची हिंमत झाली नाही. बाकीच्या आठ आत गेल्या, दार लागलं, आग धरली, तेव्हा कुठं ती उठली. त्यानंतर दालन उघडेपर्यंत ती बाबांशी बोलली नाही आणि बाळाशी फक्त हो-नाही एवढंच बोलली. गल्लीला चुकल्यासारखं झालं.

दालन उघडलं त्या दिवशी बाळानं बाबांना चाकांच्या खुर्चीतून नेलं. तोफ एकटी, वेगळी गेली. उंच पांढरी भिंत, वरून दिवा सोडलेला आणि मधोमध तिचे नऊ पक्षी. आठांच्या मानेत फट होती आणि फटीतून खालची तांबूस माती दिसत होती. नववा खालच्या ओळीत, उजव्या टोकाला. पाच-सहा माणसं तिथं घुटमळत होती. सगळ्यांचे डोळे फिरून फिरून त्या टोकाला येत होते. "ह्याची मान बघ," एक बाई नवऱ्याला म्हणाली. मग तिनं खालच्या पाटीवरचा मजकूर वाचला, "अच्छा, मुद्दाम चुकवलाय," असं म्हणून ती पुढं गेली.

तोफेनं पाटी वाचली. फटीचं आणि श्वासाचं तसंच होतं. त्याखाली नवं वाक्य होतं. 'मात्र कलावंताने निर्दोषपणाचा गर्व धरू नये, या नम्र भावनेने नऊपैकी एका पक्ष्यात जाणूनबुजून चूक ठेवण्याचीही या घराण्याची परंपरा आहे.'

"बाळ!"

आवाज छताला लागून परत आला. बाळ खुर्ची ढकलत लगबगीनं आला. "ओरडू नकोस. बाईंनी फोनवर विचारलं, नववा वेगळा का. काहीतरी सांगायला नको होतं का मी?"

"चूक? माझी चूक? अरे, ती एकच बरोबर आहे! चुका त्या आठ आहेत! बापानं खरवडायचं आणि तू वर मुलामा चढवायचा, एवढंच येतं का रे तुम्हाला?"

इतिहास लिहिणारी बाई गर्दीतून वाट काढत आली. तिनं आधी पक्ष्यांकडे पाहिलं, मग तोफेच्या निळ्या नखांकडे.

"मला सांगितलं तसं मी लिहिलं," ती म्हणाली. "चुकलं असेल तर बदलते. पण तुमच्या घरात दोघं दोन गोष्टी सांगताय. मी ऐकू कुणाचं?"

"ह्यांचं ऐका." तोफ बाबांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "सुरू करणारे इथंच बसलेत. सांगा बाबा. मला का नाही काढू दिलीत?"

बाबा तिच्या बाजूनं डोकावून भिंतीकडे बघत होते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची नजर हळूहळू गेली आणि नवव्या पक्ष्यावर थांबली. खिशातला हात खिशातच हलला.

"तुझी मान माझ्या वडिलांसारखी यायची," ते म्हणाले. "शाळेत होतीस तेव्हाच. तू काढत राहिली असतीस, तर तुझी आणि माझी शेजारी शेजारी ठेवून लोकांनी पाहिली असती."

बाळानं खाली बघितलं. तोफेला इतकी वर्षं वाटत होतं की बाबांचा स्वतःच्याच थापेवर विश्वास बसलाय, म्हातारा भ्रमात आहे.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक नसायला मी काय आंधळा होतो?" बाबा खेकसले. तोच आवाज, तोच तोरा; तोफेला तो आरशातल्यासारखा ओळखीचा होता. मग ते बाळाला म्हणाले, "चल, घरी ने मला."

बाळानं खुर्ची वळवायला घेतली. तोफेनं त्याचा हात झटकला, खुर्ची पुन्हा भिंतीकडे केली आणि पायानं ब्रेक दाबला.

"आता लागल्यात ना शेजारी शेजारी? बघू देत लोकांना. तुम्हीही बघा."

बाबांनी मान वळवली नाही. ते बघत राहिले. त्यांच्या हनुवटीला बारीक कंप सुटला होता, आणि तोफेला तो दिसला, आणि तरी तिनं ब्रेकवरचा पाय काढला नाही. दया करून झाली होती.

इतिहासवाल्या बाईनं पेन काढलं आणि पाटीवरच्या शेवटच्या वाक्यावर काट मारली. पुढं काय लिहायचं ते तिला सुचत नसावं. ती तोफेला म्हणाली, "निदान तुमचं नाव तरी लिहिते. काय लिहू?"

तोफेनं नाव सांगितलं. मग परत एकदा सांगितलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की दारावरचा रखवालदार धावत आत आला.